तीस ओळींचं अंतर

तो आला की आधी त्याचं पाऊल ऐकू यायचं. तीन पावलं आणि मग एक ओढ, सुक्या मातीवरून भरलेली गोणी ओढावी तशी. डिसेंबर सरत आला होता. कपाशीची पानं गळून नुसती बोंडं उरली होती, आणि पहाटेच्या राखाडी उजेडात तो आमच्या शेतातून पुंडलिकरावांच्या हरभऱ्याकडे जायचा. घोड्याएवढा उंच, निळसर काळा, गळ्याखाली पांढरा ठिपका असलेला नर रोही, पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात तो. बाकीचे रोही कळपानं येत आणि माणसाची चाहूल लागताच उधळत. हा एकटा येई आणि उधळत नसे, कारण त्याला उधळता येत नव्हतं. त्याचा उजवा मागचा पाय निकामी होता. तांड्यात सगळे त्याला ‘लंगडा’ म्हणत. मी कधी म्हणालो नाही. तो पाय मी निकामी केला होता.

ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: मला, शंकरसिंग काकांना आणि माझ्या आजोबांना. त्यांतले आजोबा आता नाहीत.

आजोबांना, पूनमसिंगांना, आसपासच्या चार-पाच गावांत बंदूकवाले म्हणत. पिकाच्या राखणीसाठी मिळालेला जुना परवाना आणि बारा बोरची एकनळी बंदूक, एवढंच त्यांचं बंदूकवालेपण होतं; पण ते त्यांनी एखाद्या व्रतासारखं सांभाळलं. बंदुकीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला माझ्या दादीनं, रुपीबाईनं, लाल दोऱ्यानं कवड्या शिवून दिल्या होत्या. बरोबर तीस. बाहेरच्या माणसाला ती आमच्या तांड्याची हौस वाटे. प्रत्यक्षात ते माप होतं. अंधूक उजेडात रोही किती दूर आहे हे डोळ्यांना कळत नाही, पण कपाशीच्या ओळी मोजता येतात. नजरेनं एक ओळ ओलांडायची आणि अंगठा एका कवडीवरून पुढे सरकवायचा. कवड्या संपायच्या आत रोही आला तर छर्ऱ्याचं काडतूस चालवायचं. कवड्या संपल्या आणि रोही त्याही पलीकडे असला, तर बंदूक खाली. आजोबांनी आयुष्यभर हा नियम पाळला आणि एकही जनावर जखमी सोडलं नाही, असं ते सांगत. मला ते खरं वाटतं.

मागच्या वर्षी वनखात्याची रोही मारण्याची परवानगी त्यांच्या नावानं आली तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोहाच्या झाडावरच्या मचाणावर आम्ही तिघं बसलो होतो. त्यांनी बंदूक माझ्या मांडीवर ठेवली. परवाना त्यांचा, परवानगी त्यांची; बोट माझं. हे कायद्याला धरून नाही, हे मला समजत होतं. पण नाही म्हणायला जो आवाज लागतो तो माझ्या गळ्यात वेळेवर कधीच येत नाही. मी ओळी मोजल्या. अठ्ठावीस. कवड्यांवरचा माझा अंगठा थांबला आणि मी चाप ओढला.

रोही मागच्या पायांवर बसला. क्षणभर तो असा बसून राहिला, जणू त्याला कुणी बस म्हटलं होतं. मग उठला आणि नाल्यात उतरला. दोन दिवस आम्ही त्याला शोधलं. तिसऱ्या दिवशी आजोबा बांधावर टेकले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बंदूक खोटं बोलत नाई, नयन. तुह्या हाताले धीर नाई.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी तो विसरलो असतो. चैत्रात ते गेले, आणि ते वाक्य घरात तसंच राहिलं. ते ऐकल्यापासून वर्षभर मी माझ्या हातांवर लक्ष ठेवून होतो. सही करताना, सुईत दोरा ओवताना, दादीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालताना मी माझीच बोटं एखाद्या संशयितासारखी न्याहाळत असे. शंकरसिंग काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, चारचौघांत हसत म्हणत, “नयनले कप नका देऊ बाप्पा, बशीतच चाय निघते त्याची.” लोक हसत. मीही हसत असे, आणि कप दोन्ही हातांनी धरत असे.

आजोबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. वडिलांचा उजवा हात मळणीयंत्रानं मनगटापाशी अधू केलेला. म्हणून वारस म्हणून अर्ज मी केला. परवाना माझ्या नावावर होऊन ती परत मिळायला आठ महिने लागले. त्याच सुमारास पुंडलिकरावांनी तक्रार दिली, वनखात्याची माणसं हरभरा पाहून गेली, आणि एक रोही मारण्याची परवानगी आली. पंधरा दिवसांची मुदत, आणि या वेळी सगळे कागद माझ्याच नावाचे.

मुदतीतले आठ दिवस मी काहीच केलं नाही. बंदूक पुसत बसलो.

नवव्या दिवशी पुंडलिकराव आमच्या अंगणात आले. आमच्या आणि त्यांच्या शेताचा बांध एकच. स्वभावानं माणूस वाईट नाही. त्यांनी पाणी घेतलं, दादीची तब्येत विचारली, आणि मग कापूस वेचायला बायका किती आहेत असं विचारावं तितक्या सहज सांगितलं की सोमवारपासून ते बांधावर तार ओढणार आहेत. नुसता चटका देणाऱ्या झटका यंत्राची नव्हे. सरळ विहिरीवरच्या मोटारीच्या लायनीवरून, जीव घेणारी.

माझी बहीण बबिता तुरी पाखडत होती, तिचं सूप थांबलं. त्याच बांधावरून रोज उजाडायच्या आत ती आणि तांड्यातल्या दहा-बारा बाया कापूस वेचायला जातात. मी ते बोललो. पुंडलिकराव म्हणाले की पाच वाजता ते स्वतः तार बंद करतील. मी म्हणालो की एखाद्या दिवशी झोप लागली तर.

“मंग मार ना तू त्याले,” ते म्हणाले. “कागद तुह्यापाशी, बंदूक तुह्यापाशी. रविवारलोक मी थांबतो. त्याच्यापुढं मले नको सांगू.”

काका खाटेवरून म्हणाले, “त्याच्यापाशी समदं हाय, पुंडलिकभौ. हातच तेवढा नाई.”

त्या रात्री मी ठरवलं की हाताबद्दल आपण काही करू शकत नाही, पण हातात काय धरायचं हे ठरवू शकतो. ज्या जनावराला मी एकदा अर्धवट मारलं, त्याला पुन्हा अर्धवट मारण्याचा मला अधिकार नव्हता. जे व्हायचं ते एकाच गोळीत व्हायला हवं होतं, आणि रविवारच्या आत.

बुधवारी मी बंदूक घेऊन यवतमाळला गेलो. बंदुकीचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. बाहेरून पाहिलं तर घड्याळं दुरुस्त करण्याचं वाटावं. मालक वृद्ध, पांढऱ्या दाढीचे, मधूनमधून हिंदीत शिरणारे. माझे कागद त्यांनी भिंगातून वाचले आणि एकच प्रश्न विचारला: जनावर किती मोठं? मी हात उंचावून दाखवला. ते म्हणाले, म्हणजे पाच-सहा माणसांचं वजन, आणि कातडी मानेपाशी बैलाच्या खांद्यासारखी जाड.

मग त्यांनी मला एक-एक करून सगळं समजावलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या वस्तूविषयी ऐकत होतो जिचा मी वारस होतो. एवढ्या जनावराला खरं तर रायफल हवी. तीनशेपंधरा बोरची, नरम टोकाच्या गोळीची, जी आत शिरल्यावर पसरते आणि जनावराला उभ्या जागी बसवते. त्यांनी एक काढून माझ्या हातात दिलीही. ती जड होती आणि विलक्षण शांत होती. पण माझा परवाना गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. रायफलीची नोंद व्हायची तर हंगाम निघून जाईल. शिवाय, ते म्हणाले, तुमच्याकडे सपाट शेतं, शेतात बाया. रायफलीची गोळी रोह्यात थांबली नाही तर कुठं थांबेल हे तुला सांगता येईल का? मी ती परत केली, आणि सुटका झाल्यासारखं वाटलं म्हणून मनात खजीलही झालो.

राहिली आजोबांची एकनळी. तिच्यासाठी दोन काडतुसं त्यांनी काचेवर उभी केली. एक मी ओळखत होतो: एलजी, आत सहा मोठे छर्रे. डुकराला चांगलं, ते म्हणाले, तेही जवळून. दुसऱ्यात एकच गोळी होती, गावठी बोराएवढी, शिशाची. ती देण्याआधी त्यांनी माझ्या बंदुकीच्या नळीचं तोंड मापानं तपासलं. काही नळ्या तोंडाशी आवळलेल्या असतात, तिथं ही गोळी अडकून नळीच फुटू शकते. आजोबांची नळी शेवटपर्यंत सारखी होती.

“आता सांग,” ते म्हणाले, “मारणार किती अंतरावरून?”

“तीस ओळी,” मी म्हणालो.

“ओळीत नको सांगू, बेटा. बंदुकीला शेती समजत नाही. फुटात सांग, मीटरमध्ये सांग.”

ज्या शेतात मी जन्मापासून चालतो, त्यातल्या दोन ओळींमधलं अंतर मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पाच गोळ्या परवान्यावर नोंदवल्या, पुढच्या पायाच्या मागं, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरायचा असं कागदावर काढून दाखवलं, आणि निघताना बजावलं की ही गोळी पंचवीस मीटरच्या आत. एलजी तर त्याहूनही आत. चाळीसच्या पुढं सहातला एखादा छर्रा लागतो, आणि त्यात मारण्याइतका जोर उरत नाही. फक्त दुखवण्याइतका उरतो.

घाटंजीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी बाहेरच्या कपाशीच्या ओळी पाहत होतो. त्या गाडीबरोबर पंख्याच्या पात्यांसारख्या उघडत आणि मिटत होत्या. घाटंजीत उतरून मी एक टेप विकत घेतला.

दुसरं टोक बबितानं धरलं. कशासाठी मोजतो आहे, हे तिनं दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. ती माझ्या गप्प राहण्याला सरावली आहे. दोन ओळींमध्ये पाच फूट. तीस ओळी म्हणजे दीडशे फूट. सेहेचाळीस मीटरला थोडे कमी. माझ्या अठ्ठावीस ओळी म्हणजे एकशेचाळीस फूट, चाळीस मीटरच्या पुढं.

मी बांधावर बसलो. आजोबा जिथं बसले होते तिथंच.

मग उठून घरी गेलो. दादी ओट्यावर उन्हात बसली होती. मी तिला विचारलं की आजोबा पहिल्यांदा बंदूक चालवायला लागले, त्या काळी कपाशीच्या ओळी किती अंतरावर असत. तिला प्रश्न विचित्र वाटला नाही. तिनं डावा हात कोपरापासून पुढे केला, त्यावरचे हस्तिदंती रंगाचे बलोते, म्हणजे रुंद बांगड्या, मनगटाकडे सरकले, आणि त्याला दुसऱ्या हाताची वीत जोडून दाखवली.

“दीड हात. तिफणीच्या मागं सरतं धरून मीच पेरत होती, छोरा. तवाचं झाड अंगानं बारीक राहे. आता हे तुमचं ब्यागीतलं बियाणं आलं, त्याले पसरायले जागा लागते.”

दीड हात म्हणजे सव्वादोन फूट. तीस ओळी म्हणजे जेमतेम सदुसष्ट फूट. वीस मीटर. आजोबांच्या तीस ओळी माझ्या शेतात तेराच भरत होत्या.

त्यांनी शेवटचा रोही मारला तो मी दोन वर्षांचा असताना. नंतरच्या वीस-बावीस वर्षांत बंदूक केवळ हवेत उडाली, राखणीपुरती. त्या काळात देशी कपाशी गेली, नवी आली, ओळी एकमेकींपासून हळूहळू दूर सरकल्या. आणि पट्ट्यावरच्या कवड्या होत्या तिथंच राहिल्या. ज्या माणसानं ती पेरणी स्वतः करवून घेतली, त्यालाही ते जाणवलं नाही. शेत त्यांच्या पायांना माहीत होतं आणि नियम अंगठ्याला. दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

माझा हात थरथरला नव्हता. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण उन्हात बसलेल्या दादीपुढं उभं राहून मला एवढंच वाटलं की आता हे सांगायचं कुणाला? ज्यांना सांगायचं होतं ते माझ्या हाताविषयीचं आपलं मत बरोबर घेऊन गेले होते. आणि हात निर्दोष ठरला म्हणून तो पाय बरा होणार नव्हता. उलट हात दोषी असता तर निदान तो माझ्या ताब्याबाहेरचा दोष झाला असता. टेप कुणालाही धरता आला असता. मलाही.

काकांना मी सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा कठीण होत गेला.

“म्हणजे म्हातारा चुकला म्हणतं तू,” ते म्हणाले. “मेलेल्या माणसाले खोटं पाडून हात सुधरत असतो का?”

मी टेप गुंडाळून खिशात ठेवला.

मचाण उपयोगाचं नव्हतं. रोह्याची वाट मोहापासून फार दूरून जात होती. पण रोह्याची एक सवय आम्हा शेतकऱ्यांना ठाऊक असते: तो लेंड्या टाकायला रोज एकाच जागी येतो. त्याची जागा कपाशीच्या मधोमध होती, वीतभर उंच ढीग, पलीकडे नाल्याचा उंच काठ. गोळी चुकली तरी ती मातीत जाणार होती. मी त्या ढिगापासून तेरा ओळी मोजल्या आणि तेराव्या कवडीला पांढरा दोरा बांधला. तिथं मी आमची बंडी, म्हणजे बैलगाडी, नेऊन उभी केली आणि तिच्यावर मागच्या प्लॉटातली पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं, रचली. आत एक माणूस पालथा मावेल एवढी पोकळी ठेवून.

काका बांधावरून पाहत होते. “शिकारीले बंडी घेऊन चालला,” ते म्हणाले. “आता वाजंत्रीच तेवढी राह्यली.”

शुक्रवारी तो आला आणि बंडी पाहून थांबला. बराच वेळ थांबून दूरच्या वाटेनं निघून गेला. शनिवारी काकाही दाटीवाटीनं माझ्यासोबत पऱ्हाटीत शिरले. थंडी होती, बोंडांवर दव होतं. उजाडता उजाडता तीन पावलं आणि एक ओढ ऐकू आली. तो ओळींतून सरळ आमच्याकडे येत होता. मी अंगठा सरकवायला लागलो. चोवीस. बावीस. एकोणीस. एकोणिसाव्या ओळीवर तो आडवा उभा राहिला, मान उंच करून, जसं त्या कागदावर काढलं होतं अगदी तसा. पुढचा पाय, त्यामागची जागा, सगळं उघडं.

“मार,” काका माझ्या कानाशी म्हणाले.

एकोणीस ओळी म्हणजे पंच्याण्णव फूट. एकोणतीस मीटर. गोळी पोचली असती. कदाचित जिथं पोचायची तिथंच पोचली असती. त्या ‘कदाचित’कडे मी पाहत राहिलो.

“मार ना बे. पाहून काय राह्यला?”

मी बोट चापाबाहेर काढलं. रोही कान हलवत उभा राहिला, मग वळला आणि तो पाय ओढत हरभऱ्यात उतरला. काकांनी पऱ्हाटी दोन्ही हातांनी बाजूला केली. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की सोमवारी तार लागेल, आणि त्या बांधावर बबिताचा पाय पडला तर आपल्याला काय उत्तर द्यायचं ते मी आजच ठरवून ठेवावं. मग ते तांड्याकडे निघून गेले. मी उन्हं येईपर्यंत तिथंच पालथा होतो. मनात पहिल्यांदाच शंका आली की हा धीर आहे की भीतीनंच धीराचं सोंग घेतलं आहे. दोन्ही आतून सारखीच वाटतात.

रविवारी मी एकटा गेलो. निघताना बबिता जागी होती. तिनं विचारलं, आज? मी मान हलवली. ती म्हणाली की बाया आज बंदुकीचा आवाज ऐकेपर्यंत निघणार नाहीत. तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आवाज आलाच नाही तर काय करायचं, हे तिनं विचारलं नाही.

तो उशिरा आला. पूर्वेला लाली चढू लागली होती आणि तो येणार नाही असं वाटून माझ्या मनात, कबूल करतो, एक लाजिरवाणी शांतता पसरू लागली होती. मग पावलं ऐकू आली. आज त्यानं बंडीकडे पाहिलंही नाही. ती त्याच्या शेताचा भाग झाली होती. अठरा. सोळा. चौदाव्या ओळीवर तो थांबला. माझा अंगठा पांढऱ्या दोऱ्यापासून एक कवडी दूर होता आणि मला माझ्या छातीचे ठोके बंडीच्या फळीत ऐकू येत होते. त्यानं दुखरा पाय उचलून धरला, थोडा वेळ, जसा माणूस जड ओझं क्षणभर भिंतीला टेकवतो. मग तो पुढे आला. तेरा. बारा. अकराव्या ओळीवर, आपल्या ढिगाच्या दोन ओळी अलीकडे येऊन, तो उभा राहिला आणि आडवा वळला.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. वर्षभराची सवय. तो स्थिर होता. मी चाप ओढला.

तो बसला नाही. चारही पाय एकदम काढून घेतल्यासारखा तो कोसळला, आणि त्याच्या खालची कपाशी मोडल्याचा आवाज गोळीच्या आवाजानंतर आला. मी दुसरी गोळी भरून जवळ गेलो. तिची गरज पडली नाही. त्याचा डोळा उघडा होता आणि त्यात आकाश होतं, नुसतं.

मग मी त्याचा पाय पाहिला. मांडीवर दोन छर्ऱ्यांचे व्रण. एक बुजलेला, दुसरा अजून ओला, त्यात किडे. गुडघ्याखालचं मांस वाळलं होतं. एक वर्ष. त्या वर्षात मी सणाला गोड खाल्लं होतं, परवान्यासाठी फोटो काढला होता, आणि माझ्या हाताची कीव करत बसलो होतो. मी तिथंच ओळीत बसलो.

दहा वाजेपर्यंत वनरक्षक आले. पुंडलिकराव आले, तांड्यातली माणसं आली. पंचनामा सुरू झाला. गोळी कुठं लागली, किती लागल्या, अंतर किती. मी फुटांत सांगितलं. वनरक्षकांनी काठीनं मांडी दाखवली आणि विचारलं, ही जुनी जखम कुणाची. कुणीतरी म्हणालं, असतील कुणी चोरटे शिकारी. वनरक्षक तेच लिहायला वाकले.

“माझी,” मी म्हणालो. “मागच्या सालची. तेव्हा परवाना माझा नव्हता.”

पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते. मग जखम जुनी असल्याची नोंद त्यांनी केली आणि सांगितलं की सोमवारी कार्यालयात येऊन हे लेखी द्यावं लागेल, आणि परवान्याचं काय होईल ते त्यांना सांगता येणार नाही. मी हो म्हणालो.

कायद्यानं मांसाला हात लावायचा नव्हता. नाल्याच्या काठाशी खड्डा खणला. आमच्या तांड्यात शिकारीचे वाटे घरोघर जात, विधवेच्या घरी पहिला. ज्यांनी ते वाटे वाटले होते त्या काकांच्याच हाती वनरक्षकांनी मिठाची गोणी दिली. त्यांनी ती खड्ड्यात रिकामी केली. माती लोटून झाल्यावर, माणसं पांगल्यावर, ते माझ्यापाशी आले.

“कायले बोलला तू? त्याले काय समजत होतं?”

त्यांनी बंदूक माझ्या खांद्यावरून काढून घेतली, पट्टा हातात धरून तेराव्या कवडीवरचा दोरा पाहिला.

“आज किती ओळी होत्या?”

“अकरा.”

ते लेंड्यांच्या ढिगापाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून बंडीच्या दिशेनं चालू लागले. एकेका ओळीत पाय टाकत, अंगठ्यानं कवडी सरकवत. मी ढिगापाशीच उभा राहिलो; ते बंडीपाशी थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. बंडी मागं टाकून ते मोहाच्या दिशेनं चालत राहिले; मोडक्या कपाशीतून, दव वाळलेल्या बोंडांतून. कवड्या संपल्या तेव्हा ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

तिथून ते लहान दिसत होते. बंदूक त्यांच्या हातात खाली लोंबत होती. ते मोठ्यानं काही म्हणाले असावेत, किंवा नुसता हात वर केला असावा. मला नीट ऐकू आलं नाही. आणि त्यांचा चेहरा पाहावा असं मला फार वाटत होतं, पण तीस ओळींवरून माणसाचा चेहरा दिसत नाही.